सोबतचा उमेदवार

अमेरिकेत दर चार वर्षांनी उन्हाळा सरता सरता एक चर्चा रंगते: अध्यक्षपदाचा उमेदवार सोबत कोणाला घेणार? २०२४ साली डोनाल्ड ट्रम्प यांनी १५ जुलैला जे. डी. व्हान्स यांचे नाव सांगितले, ६ ऑगस्टला कमला हॅरिस यांनी टिम वॉल्झ यांचे. ज्यांची मुले तिकडे नोकरीला आहेत अशा ठाण्याच्या नौपाड्यातल्या घरांतून या नावांवर बराच खल झाला. वॉल्झ कोणत्या राज्याचे, व्हान्स यांची सासुरवाडी आंध्रची, त्याचा काही उपयोग होईल का, वगैरे. चर्चा करणाऱ्यांच्या बोलण्यात एक सूर असे की हे आपल्याकडे नाही, आपल्याकडे माणूस एकटाच उभा राहतो.

हे खरे नाही, आणि नौपाड्यात तर मुळीच नाही. याच मतदारांनी २१ फेब्रुवारी २०१७ रोजी ठाणे महापालिकेच्या निवडणुकीत एका दमात चार-चार माणसे निवडली होती. ती चार माणसे एका पत्रकावर, एका फ्लेक्सवर, एकाच रिक्षाच्या भोंग्यातून त्यांच्यापर्यंत आली होती. कोणी कोणाबरोबर उभे राहायचे यावर त्याआधीचे दोन महिने पक्षांच्या कार्यालयांत जी ओढाताण झाली, ती वॉशिंग्टनला शोभेल अशीच होती. आपण तिला ‘पॅनेल लावणे’ म्हणतो आणि गल्लीतले राजकारण म्हणून सोडून देतो. या पुस्तकाचा विषय तीच ओढाताण आहे. अमेरिका त्यात येते, मुंबईचे मंत्रालयही येते, पण मुक्काम नौपाड्यात.

आधी रचना सांगितली पाहिजे, कारण मत देऊन आलेल्यांनाही ती नीट ठाऊक नसते. ठाणे महापालिकेत १३१ नगरसेवक. २०१७ साली त्यांचे ३३ प्रभाग झाले: ३२ प्रभागांत चार-चार जागा, एकात तीन. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १८ लाख ४१ हजार होती. म्हणजे एका नगरसेवकामागे साधारण १४ हजार आणि चौघांच्या प्रभागात ५६ हजारांच्या आसपास माणसे. प्रभागातल्या जागांना अ, ब, क, ड अशी नावे. कोणती जागा अनुसूचित जातीसाठी, कोणती नागरिकांच्या मागास प्रवर्गासाठी, कोणती महिलेसाठी आणि कोणती सर्वसाधारण, हे आरक्षण आणि सोडत ठरवते. उमेदवार अर्ज भरतो तो प्रभागासाठी नव्हे, त्यातल्या एका अक्षरासाठी. मतदाराने मात्र चारही अक्षरांसाठी मत द्यायचे. प्रत्येक जागेच्या मतपत्रिकेचा रंग वेगळा असतो, आणि कोणीच नको असेल तर त्या जागेपुरता ‘नोटा’ दाबता येतो.

अमेरिकेतल्या पद्धतीशी फरक इथे पडतो. तिथे अध्यक्ष आणि उपाध्यक्ष हे एकच मत. वॉल्झ आवडले पण हॅरिस नकोत, अशी सोय नाही. नौपाड्यात चार मते, आणि चौघांना वेगवेगळ्या पक्षांचे करायला कोणाचीही परवानगी लागत नाही. उमेदवार जोडी बांधतात आणि मतदार ती सोडवू शकतो. त्यामुळे सोबती निवडण्याचे गणित आपल्याकडे जास्त अवघड आहे. तिकडच्या उमेदवाराला, सोबत्यामुळे आपले मत वाढेल का, एवढेच पाहायचे असते. इकडच्या उमेदवाराला आणखी एक भीती असते: सोबती स्वतःचे मत घेऊन जाईल आणि मला वाऱ्यावर सोडेल.

ही भीती अमेरिकेलाही एकदा पुरती भोवलेली आहे. त्यांच्या मूळ राज्यघटनेत अध्यक्ष निवडणाऱ्या प्रत्येक निर्वाचकाला दोन मते होती आणि अध्यक्षाचे मत कोणते, उपाध्यक्षाचे कोणते, हे त्यावर लिहिलेले नसे. पहिला आला तो अध्यक्ष, दुसरा उपाध्यक्ष. १८०० साली थॉमस जेफरसन आणि आरन बर एकाच पक्षाचे, एकाच पॅनेलचे म्हणा हवे तर. बर दुसऱ्या जागेसाठी आहेत हे सगळ्यांना माहीत होते. पण निर्वाचकांनी शिस्तीने दोघांनाही मत दिले आणि दोघांनाही ७३ मते पडली. बर यांनी मागे सरायला हवे होते. ते सरले नाहीत. प्रतिनिधिगृहात १८०१ च्या फेब्रुवारीत ३६ वेळा मतदान झाले तेव्हा कुठे जेफरसन अध्यक्ष ठरले. मग १८०४ मध्ये बारावी घटनादुरुस्ती होऊन दोन पदांसाठी दोन वेगळी मते आली. आज ज्याला आपण अमेरिकेची जोडीची पद्धत म्हणतो, ती या फजितीवर घातलेल्या ठिगळातून वाढली. अ, ब, क, ड असे डबे करून आपण ती अडचण आधीच टाळली आहे. एकाच पक्षाचे दोघे एकाच जागेसाठी अधिकृतपणे भिडू शकत नाहीत. बंडखोर भिडतात, तो वेगळा विषय आणि वेगळे प्रकरण.

पॅनेल बांधायची कला मात्र महापालिकेने शिकवलेली नाही. साखर कारखाना, जिल्हा बँक, पतपेढी, शिक्षणसंस्था, अगदी गृहनिर्माण सोसायटी, सगळीकडे माणसे पॅनेल करून लढत आली आहेत. २०२३ साली अखिल भारतीय मराठी नाट्य परिषदेच्या निवडणुकीत ‘रंगकर्मी नाटक समूह’ आणि ‘आपलं पॅनेल’ असे दोन गट भिडले आणि प्रशांत दामले अध्यक्ष झाले, तेव्हा नाटकवाल्यांच्या यादीतही मुंबई किती, बाहेरगाव किती, हा हिशेब होताच. सहकारातला जुना खेळाडू यादी करताना गावे मोजतो, घराणी मोजतो, आणि एखादा असा माणूस घेतो ज्याला कोणी शत्रू नाही. त्या शेवटच्या माणसाला कमी लेखू नये. पॅनेल निवडून आल्यावर तो सहसा काही करत नाही, पण येईपर्यंत त्याच्या नावाने बाकीच्यांचे दोष झाकले जातात.

महापालिकांच्या प्रभागांत किती माणसे असावीत याबद्दल मात्र राज्यकर्त्यांचे मन कधीच स्थिर नव्हते. मुंबई सोडून बाकीच्या महापालिकांत २००२ साली तिघांचा प्रभाग, २००७ साली एकाचा, २०१२ साली दोघांचा, २०१७ साली चौघांचा. २०२१ मध्ये महाविकास आघाडीच्या सरकारने तिघांचा करायचे ठरवले. २०२२ मध्ये सरकार बदलले आणि पुन्हा चौघांचा झाला. जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली ती याच रचनेत. ठाणे महापालिकेची मुदत २०२२ च्या मार्चमध्ये संपली होती, म्हणजे मधली जवळजवळ चार वर्षे प्रशासकाची. कल्याण-डोंबिवलीत तर त्याहून लांब, २०२० पासून. तिथल्या लोकांना चौघांची ही पद्धत नवी होती. २०१५ साली कल्याण-डोंबिवलीने १२२ वेगवेगळ्या प्रभागांतून एकेक नगरसेवक निवडला होता. शिवसेना ५२ आणि भाजप ४२ अशा जागा आल्या, दोघे एकमेकांविरुद्ध लढले आणि नंतर सत्तेत एकत्र बसले. डोंबिवलीच्या मतदाराला तेव्हा सोबती निकालानंतर कळला.

प्रभागाचा आकार बदलताना प्रत्येक वेळी कारण प्रशासकीय सोयीचे सांगितले गेले. मला ते पटत नाही. मोठा प्रभाग मोठ्या पक्षाला मानवतो. १४ हजारांच्या वस्तीत एखादा मंडळाचा कार्यकर्ता, दारोदार फिरणारा डॉक्टर किंवा चाळीत वाढलेला अपक्ष निवडून येऊ शकतो. ५६ हजारांत त्याचा आवाज पोचत नाही, खर्च परवडत नाही, आणि मुख्य म्हणजे त्याला आणखी तीन माणसे मिळत नाहीत. शिवाय मोठ्या पक्षाला आपला पडेल उमेदवार चढेल उमेदवाराला बांधता येतो. विरोधात असताना सर्वांनीच चारच्या पद्धतीला नावे ठेवली आहेत आणि सत्तेत आल्यावर आपल्याला सोयीचा आकडा काढला आहे.

नौपाड्याची गोष्ट यात थोडी निराळी पडते. गोखले रोड, राम मारुती रोड, घंटाळी, विष्णुनगर हा ठाण्याचा जुना मध्यमवर्गीय पट्टा. शाळा, ग्रंथालय, वाचक, नाटकवेडे आणि सकाळी गावदेवी मैदानाच्या बाजूने फिरणारे निवृत्त. जनसंघापासूनचे मतदार इथे घरोघर आहेत. रामभाऊ म्हाळगी आणि राम कापसे ठाण्यातून लोकसभेवर गेले, त्या काळापासूनचे. दुसरीकडे १९६७ साली शिवसेनेला पहिली सत्ता दिली ती ठाणे नगरपालिकेने. महापालिका १९८२ ची, तिच्या पहिल्या निवडणुकीनंतर १९८६ मध्ये सतीश प्रधान महापौर झाले. म्हणजे एकाच मतदाराच्या घरात दोन निष्ठा, लोकसभेला एक आणि महापालिकेला दुसरी, हे इथे तीन पिढ्या चालले. २०१७ साली शिवसेना आणि भाजप वेगळे लढले. शहरात शिवसेनेच्या ६७, राष्ट्रवादीच्या ३४ आणि भाजपच्या २३ जागा आल्या. नौपाड्यात मात्र भाजपचे पॅनेल निवडून आले.

पण एवढ्यावरून इथला मतदार डोळे मिटून चार सारखी बटणे दाबतो, असे समजू नये. पॅनेल आले म्हणजे चौघांना सारखी मते पडली असे नसते. कोणत्याही प्रभागाचा अ, ब, क, ड चा निकाल शेजारीशेजारी ठेवला की एकाच पक्षाच्या चार आकड्यांत अंतर दिसते. त्या अंतरात सगळी माहिती असते. कोणाला स्वतःच्या इमारतींतून जास्त मिळाली, कोणाच्या आडनावाने काही मते गळाली, कोणत्या बाईंना ‘साहेबांच्या मिसेस’ म्हणून पडली आणि कोणत्या बाईंना त्यांच्या स्वतःच्या कामामुळे. कार्यकर्ते त्याला ‘क्रॉस झाले’ म्हणतात आणि चेहरा असा करतात की जणू कोणी फसवले. मला त्यात फसवणूक दिसत नाही. चार मते दिली आहेत ती चार निर्णय करण्यासाठीच.

महिलांबद्दल इथे थांबून बोलायला हवे. २०११ पासून महाराष्ट्रात स्थानिक संस्थांच्या निम्म्या जागा महिलांना आहेत, म्हणजे चौघांच्या प्रभागात दोन. सोडतीच्या दिवशी एखाद्या मातब्बराची जागा महिला राखीव निघाली की त्याच संध्याकाळी घरात बैठक होते. पत्नी, वहिनी, सून, कधी आई. बाहेरून पाहणारा याला थट्टेवारी नेतो. मलाही पूर्वी हा निव्वळ पळवाटीचा प्रकार वाटे. पण दोन गोष्टी लक्षात घेतल्या पाहिजेत. एक, चौघांच्या पॅनेलमध्ये प्रचार वाटून केला जातो आणि इमारतींच्या आत, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जाण्याचे काम बायकांकडे येते. त्यामुळे ‘राखीव’ म्हणून आलेल्या बाईंना मतदार पुरुष उमेदवारापेक्षा जास्त ओळखू लागतात. दोन, पुढच्या सोडतीत जागा सर्वसाधारण झाली तरी त्या बाई परत उभ्या राहायचे म्हणतात, आणि मग त्याच घरात खरी अडचण सुरू होते. अमेरिकेने उपाध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी पहिली बाई मोठ्या पक्षाकडून निवडली ती १९८४ मध्ये, जेराल्डिन फेरारो. निवडून आलेली पहिली उपाध्यक्ष कमला हॅरिस, २०२० ची. त्या मानाने आमच्या प्रभागांतल्या पायऱ्या लवकर चढल्या गेल्या, मग त्या सोडतीने का असेना.

सोबती निवडताना त्याची चौकशी करावी लागते, हे अमेरिकेला १९७२ मध्ये फार महागात शिकावे लागले. अध्यक्षपदाचे उमेदवार जॉर्ज मॅकगव्हर्न यांनी घाईत टॉमस ईगल्टन यांना सोबत घेतले. नैराश्यासाठी ईगल्टन यांच्यावर रुग्णालयात विजेचे झटके देऊन उपचार झाले होते, हे नंतर बाहेर आले आणि उमेदवारीनंतर १८ दिवसांत त्यांना बाजूला व्हावे लागले. आपल्याकडे हेच काम छाननीच्या टेबलावर होते आणि तिथे नैराश्याबद्दल कोणी विचारत नाही. विचारतात ते वेगळे: जातवैधता प्रमाणपत्र आहे का, सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य आहे का, मालमत्ता कर थकला आहे का, अनधिकृत बांधकामाची नोटीस आहे का. यापैकी एका गोष्टीत अडले तरी अर्ज बाद होऊ शकतो. एकट्याने लढणाऱ्याचा अर्ज बाद झाला तर नुकसान त्याचे. पॅनेलमधला एक बाद झाला की तिघांच्या पत्रकावर भोक पडते. मग पक्ष एखाद्या अपक्षाला ‘पुरस्कृत’ करतो. त्याला पक्षाचे चिन्ह मिळत नाही आणि कार्यकर्त्यांना दारोदार समजवावे लागते की तीन ठिकाणी हे चिन्ह आणि एका ठिकाणी ते. युती असेल तर हा गोंधळ पहिल्यापासूनच असतो. ज्यांनी नमुना मतपत्रिका हातात घेऊन एखाद्या आजींना हे समजावले आहे, त्यांना एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद, वेळेत पोचण्याचे मोल वेगळे सांगायला नको.

आता मंत्रालय. मुख्यमंत्र्याचा सोबती म्हणजे उपमुख्यमंत्री, असे आपण सहज बोलतो. पण तो निवडणुकीआधी मतदाराला दाखवला जात नाही आणि राज्यघटनेत त्या पदाचा उल्लेखही नाही. महाराष्ट्रातले पहिले उदाहरण पाहिले तर नवल वाटते. १९७८ ची विधानसभा निवडणूक दोन काँग्रेस एकमेकींविरुद्ध लढल्या. जनता पक्षाला ९९ जागा मिळाल्या, काँग्रेसला ६९, इंदिरा काँग्रेसला ६२. मग दोन्ही काँग्रेस एकत्र आल्या, वसंतदादा पाटील मुख्यमंत्री झाले आणि विदर्भातले नासिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री. प्रचारात जे समोरासमोर होते ते सत्तेत सोबती झाले. तिरपुडे यांची यशवंतराव चव्हाणांवरची टीका थांबली नाही, आणि जुलैत शरद पवार बाहेर पडून सरकार कोसळले. सोबती निकालानंतर निवडला की तो मतदारासाठी निवडलेला नसतो, बहुमताच्या आकड्यासाठी असतो. तिरपुड्यांपासून आजपर्यंत हे पद बहुतेक वेळा त्याच कामासाठी वापरले गेले आहे.

ठाण्याला याचा सर्वांत ताजा धडा घरातलाच मिळाला. महापालिकेत १९९७ साली नगरसेवक म्हणून आलेले एकनाथ शिंदे ३० जून २०२२ रोजी मुख्यमंत्री झाले आणि आधी मुख्यमंत्री राहिलेले देवेंद्र फडणवीस त्यांचे उपमुख्यमंत्री. ५ डिसेंबर २०२४ ला उलटे झाले: फडणवीस मुख्यमंत्री, शिंदे आणि अजित पवार उपमुख्यमंत्री. अमेरिकेत अध्यक्ष राहिलेल्या माणसाने पुढच्या खेपेला उपाध्यक्ष होण्याची कल्पनाही करवत नाही. इथे तशी गोष्ट अडीच वर्षांत दोनदा घडली आणि रिक्षा स्टँडवर त्याबद्दल फारसे आश्चर्य कोणी दाखवले नाही.

दिल्लीतल्या राष्ट्रपती आणि उपराष्ट्रपतींच्या निवडणुका या पुस्तकात फार येत नाहीत, कारण तिथे जोडी नाहीच. मतदारही वेगळे: उपराष्ट्रपतीला फक्त खासदार निवडतात, राष्ट्रपतीला आमदारही. एवढे मात्र सांगून ठेवतो की भैरोसिंह शेखावत यांनी २००२ मध्ये उपराष्ट्रपतिपदासाठी सुशीलकुमार शिंदे यांना हरवले आणि २००७ मध्ये राष्ट्रपतिपदासाठी ते प्रतिभा पाटील यांच्याकडून हरले. त्या वेळी शिवसेनेने भाजपशी असलेली युती बाजूला ठेवून पाटील यांना मत दिले. क्रॉस व्होटिंगचा इतका उघड आणि इतका अभिमानाने सांगितलेला नमुना दुसरा नसेल.

पॅनेलवरचा खरा आक्षेप निवडणुकीनंतरचा आहे आणि तो मी मान्य करतो. पावसाळ्यात वंदना टॉकीजच्या परिसरात पाणी साचले की चौघांपैकी कोणाला फोन करायचा? चौघेही एकाच प्रभागाचे. चौघेही सांगतात की तो भाग अमुक यांच्याकडे आहे. प्रत्यक्षात निवडून आल्यावर चौघे आपसात इमारती वाटून घेतात, जणू पुन्हा एकेकाचे चार छोटे प्रभाग झाले. कागदावर ५६ हजारांचे चार प्रतिनिधी आणि व्यवहारात प्रत्येकाचे १४ हजार. मग मोठा प्रभाग केला कशासाठी, हा प्रश्न विचारला की उत्तर मिळत नाही. अमेरिकेत उपाध्यक्षाला चार वर्षे फारसे काम नसते, तरी १९४५ मध्ये हॅरी ट्रूमन उपाध्यक्ष झाल्यावर ८२ दिवसांनी अध्यक्ष रूझवेल्ट वारले आणि ज्याला पक्षाच्या पुढाऱ्यांनी तडजोड म्हणून सोबत दिले होते त्याच्या हातात महायुद्ध आले. आपल्या प्रभागातल्या चौथ्या उमेदवारावर असा प्रसंग येत नाही. येतो तो छोटा: तिघे फोन उचलत नाहीत आणि लोकांना त्याचा नंबर सापडतो.

पुढची प्रकरणे क्रमाने वाचलीच पाहिजेत असे नाही. छाननीचे प्रकरण इच्छुकांनी आधी वाचावे, सोडतीचे बाकीच्यांनी. एक बदल मात्र पुस्तकभर पार्श्वभूमीला आहे. नौपाड्यातल्या साठ-सत्तरच्या दशकातल्या इमारती पुनर्विकासात जात आहेत. कुटुंबे तीन-चार वर्षांसाठी घोडबंदर रोडला किंवा कळव्याला भाड्याने राहायला जातात आणि नाव मतदार यादीत इथेच राहते. मतदानाच्या दिवशी असा माणूस परत येईल की नाही यावर ज्या थोड्या फरकाने जागा जातात-येतात तो फरक अवलंबून असतो. त्याला आणायला गाडी पाठवणे कायद्यात बसत नाही. त्याला फोन करणारा, त्याच्या नव्या पत्त्याची वही ठेवणारा, गणपतीत त्याला ‘येताय ना’ म्हणून विचारणारा माणूस पॅनेलमध्ये लागतो. तिकिटाच्या मुलाखतीत या वहीबद्दल विचारले गेल्याचे मी अजून ऐकलेले नाही. खर्च किती करणार, एवढे मात्र नक्की विचारतात.